जोतीरामच्या उशाचा उजेड

सोजरबाईला कुणी घाबरट म्हटलं असतं, तर अख्ख्या चाळीनं त्याला वेड्यात काढलं असतं. नळावर रांग मोडून कुणी घागर पुढं सरकवली, की ही बाई ती घागर उचलून सरळ रस्त्यावर नेऊन ठेवायची, आणि वर साळसूदपणे विचारायची, "कुणाची हाय ही? बेवारशी दिसली म्हणून बाजूला ठिवली." मोहोळकडच्या एका खेड्यातून सोळाव्या वर्षी लग्न होऊन ती सोलापुरात आली, ती थेट गिरणीमागच्या या चाळीत. नवरा जोतीराम गिरणीत मागावर. तिनं शेजारच्या सावित्रम्माच्या हाताखाली विड्या वळायला शिकून घेतल्या, दोन पोरी वाढवल्या, त्यांची लग्नं लावून दिली, आणि पंचवीस वर्षं कुणाचं म्हणून ऐकून घेतलं नाही.

पण एका गोष्टीला ती भ्यायची. अंधाराला. भुताखेतांमुळं नाही हो, भूत तिच्या वाटेला गेलं असतं तर भुताचीच धडगत नव्हती. तिचा बाप झोपेत गेला होता. ती तेव्हा नऊ-दहा वर्षांची. खोपटात मिट्ट काळोख, एका अंगाला बाप, मधे आई, आईच्या कुशीत ती. पहाटे आई उठली, चूल पेटवली, भाकरी थापल्या, आणि मग नवऱ्याला हाक मारली. तोवर तो गार पडून कितीतरी वेळ झाला होता. आई पुढं जन्मभर एकच म्हणत राहिली, "मी बाजूला व्हते गं, आन् मला कळलं न्हाय." हे वाक्य सोजरबाईच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं होतं.

म्हणून सत्त्याहत्तरच्या दिवाळीनंतर जोतीरामला मागावर उभ्या उभ्या छातीत कळ आली, साथीदारांनी त्याला टांग्यात घालून इस्पितळात नेलं, आणि तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी घरी सोडलं, तेव्हा सोजरबाईनं पहिलं काय केलं असेल? वायरमनला बोलावलं. पोरीच्या लग्नात मांडवासाठी आणलेली चार फुटी ट्यूबलाइट माळ्यावर पडून होती, ती बरोबर जोतीरामच्या उशाच्या वर भिंतीला ठोकून घेतली. दहा बाय बाराची खोली. बटण दाबलं की लख्ख. भांड्यावरची नावंसुद्धा वाचता यावीत असा उजेड.

"आता बगते कसं न्हाय कळत ते," ती म्हणाली.

त्या रात्रीपासून तिचा नेम ठरला. जोतीराम आडवा झाला की ती भिंतीला टेकून बसायची, आणि त्याच्या छातीवरची चादर वर-खाली होतेय का ते बघत राहायची. झोप आलीच तर बसल्या जागी पेंगायची, दचकून उठायची, चादरीकडं बघायची. दिवसा विड्या. त्याही आता सावित्रम्माच्या ओट्यावर, कारण डॉक्टरीणबाईंनी तंबाखूचं सूप घराबाहेर काढायला लावलं होतं.

या डॉक्टरीणबाई कामगार दवाखान्यात नव्यानंच आल्या होत्या. तरुण, चष्मेवाल्या, बोलायला गोड आणि हट्टाला पक्क्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "यांचं हृदय सध्या जखमी आहे. त्याला विश्रांती मिळाली तर ते भरून येईल. पण नाडी अशीच पळत राहिली तर दुसरा झटका येऊ शकतो, आणि तो पहिल्यासारखा सोडून देणार नाही. नाडी खाली आली पाहिजे."

झालं. सोजरबाईच्या आयुष्यात आता ती एक नाडी उरली.

नाडी बघायला रोज सकाळी आठला दवाखान्यातले कंपाउंडर इसूफभाई यायचे. दवाखान्यात जाताना चाळ वाटेतच लागायची. सडपातळ माणूस, पांढरी टोपी, खिशात साखळीचं घड्याळ, आणि तोंडात कधी कडू शब्द नाही. दोन दिवस सोजरबाईनं बघून घेतलं, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "इसूफभाई, तुमी सकाळी एकदा बगता. बाकीच्या येळंला मी काय करायचं? मला शिकवा."

"वैनी, आकडं येतेत का तुमाला?"

"कागदावरचं न्हाय येत. पर विड्या तुमाला डोळं झाकून मोजून देऊ शकते की."

इसूफभाई हसले, आणि त्यांनी शिकवलं. गजराच्या घड्याळाचा तांबडा सेकंदकाटा बारावरून सुटला की सुरू करायचं, फिरून बारावर आला की थांबायचं. सोजरबाईची बोटं मनगटावर अशी बसली, की इसूफभाई थक्कच झाले. पण मोजणी तिनं आपल्या पद्धतीनं केली. पंचवीस विड्यांचा एक कट्टा बांधायची हाताला सवय, त्यामुळं पंचवीस ठोके झाले की तिच्या मनात एक कट्टा बांधून बाजूला पडायचा. "चार कट्ट्याला दोन कमी," तिनं सांगितलं. इसूफभाईंनी मोजलं तर अठ्ठ्याण्णव. त्यांनी वहीत मांडलं आणि मान डोलावली, "क्या बात है, वैनी."

चाळीला करमणूकच झाली. नळावर बायका विचारायच्या, "सोजरे, आज किती कट्टे गं?" आणि ती घागर खांद्यावर घेत गंभीरपणे सांगायची, "आज चाराला तीन कमी."

पण आकडा काही हलेना. डिसेंबर सरला, संक्रांत आली आणि गेली. जोतीराम औषध वेळेवर घ्यायचा, मीठ सोडलं होतं, शेंगांची चटणी ताटात नाही म्हणून एका शब्दानंही कुरकुरायचा नाही. स्वभावानंच तो गरीब. पण दिवसभर मरगळलेला असायचा, डोळे तांबडे, आणि नाडी पंचाण्णवच्या खाली यायला तयार नाही. मधूनच एखादा ठोका चुकायचा. तो चुकला की सोजरबाई पुन्हा पहिल्यापासून मोजायची. देवाला काय काय बोलली नसेल ती!

जानेवारीच्या शेवटी चाळीजवळचा ट्रान्सफॉर्मर जळाला. चाळीचे दिवे गेले ते चार दिवस आलेच नाहीत. सोजरबाईनं लाइटवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि रॉकेलची चिमणी पेटवली. ती वाऱ्यानं फडफडायची, म्हणून पिठाच्या डब्यामागं ठेवली. झाली ना पंचाईत! खोलीभर अंधार, त्यात चादर हलते की नाही काही दिसेना. मग ती जोतीरामच्या अंगाला लागून बसली, आणि रात्रभर त्याचं मनगट धरून ठेवलं. डोळ्याला डोळा लावला नाही.

आणि नेमक्या त्याच दिवसांत सावित्रम्मानं काढा आणून दिला होता. सुंठ, धने, ओवा आणि आणखी काय काय. "सोजरक्का, हे पाज त्याला. माझा सासरा हेच पिऊन नव्वद वर्षं जगला."

पहिल्या रात्रीनंतर नाडी निघाली साडेतीन कट्टे. तिसऱ्या दिवशी तीन कट्टे आणि चार. चौथ्या दिवशी तीन कट्टे आणि एक! इसूफभाईंनी दोनदा मोजून शहात्तर असं वहीत लिहिलं. जोतीरामचे डोळे निवळले होते, आणि आपण होऊन तो म्हणाला, "आज जरा भूक लागलीय." सोजरबाईनं सावित्रम्माच्या गळ्यात पडून ओट्यावरच रडून घेतलं. काढ्याचं नाव चाळभर झालं. ज्यांना काही झालं नव्हतं तेही पिऊन गेले.

पाचव्या दिवशी लाइट आली. सोजरबाईनं आनंदानं बटण दाबलं, उजेडाला हात जोडले, भिंतीला टेकून बसली. सकाळी नव्वद. दुसऱ्या सकाळी शहाण्णव.

आता काय करावं? तिनं तेच केलं जे कुणीही शहाणी बाई करेल. काढा दुप्पट केला. तरी उतार पडेना, तर तिप्पट केला. बिचारा जोतीराम! पोटात आग पडली, दिवसातून सहा वेळा टमरेल घेऊन पळायला लागला, आणि नाडी शंभराला टेकली. सोजरबाई सावित्रम्मावर उखडली, "ह्या खेपेला सुंठ जुनी घातलीस तू!" सावित्रम्मा काही कमी नव्हती. "तुझा नशीब जुना हाय, माझा सुंठ नाही," म्हणून तिनं दार आपटलं. दोन दिवस दोघी एका ओट्यावर पाठीला पाठ लावून विड्या वळत होत्या.

इसूफभाईंनी एका सकाळी वही उघडली आणि भिंतीला टेकून बराच वेळ बघत बसले. दोन महिने सगळे आकडे नव्वदच्या वर. मधेच चार दिवस खाली. मग पुन्हा वर.

"वैनी, ह्या चार दिसांत काय झालं व्हतं?"

"काढा."

"काढा तर आजबी चालू हाय. अजून काय?"

"आन् काय? लाइट गेलीवती मेल्यांची."

इसूफभाईंनी वर ट्यूबलाइटकडं बघितलं. वही काखेत मारली आणि दवाखान्यात गेले. दुपारी डॉक्टरीणबाई स्वतः चाळीत आल्या. डॉक्टर घरी आली म्हटल्यावर सोजरबाईच्या हातातलं विडीचं पानच खाली पडलं.

डॉक्टरीणबाईंनी नाडी बघितली, रक्तदाब बघितला, आणि मग खाटेच्या कडेवर बसून जोतीरामलाच विचारलं, "तुम्ही मागावर होता ना? माग चालू कसा होतो, थांबतो कसा, सांगा बरं मला."

"पट्टा चढवला की चालतो, ब्रेक दाबला की थांबतो."

"तसंच हृदयाचं. आपल्या शरीरात, आपल्याला न विचारता काम करणारे दोन कारागीर आहेत असं समजा. एक पट्टा चढवणारा, एक ब्रेक दाबणारा. दिवसा पहिल्याची पाळी, रात्री दुसऱ्याची. रात्री ब्रेकवाला कामावर आला की हृदय हळू चालतं, रक्तदाब उतरतो, जखमेला भरायला सवड मिळते."

"आन् त्याला बोलावतं कोन?" जोतीरामनं विचारलं. मागाची गोष्ट निघाली तसा त्याच्या अंगात जीव आला होता.

"मेंदूच्या मधोमध तांदळाच्या दाण्यापेक्षा जराशी मोठी एक ग्रंथी आहे. अंधार पडला की ती रक्तात एक रस सोडते. मेलॅटोनिन म्हणतात त्याला. तो रस सगळ्या शरीराला सांगतो, रात्र झाली. पण डोळ्यांवर झगझगीत उजेड असला की ती ग्रंथी गप्प बसते. माझा अंदाज असा आहे, की तुमच्या शरीराला दोन महिने कुणी रात्र झाल्याचं सांगितलंच नाही. नुसता रसच नव्हे. उजेडात झोप मोडते, झोप मोडली की नाडी पळते. सगळं एकात एक गुंतलेलं."

"अंदाज?" सोजरबाई पुढं सरकली. "म्हंजे तुमाला पक्कं ठावं न्हाय?"

डॉक्टरीणबाई प्रामाणिक निघाल्या. "नाही. बाहेरच्या देशात उंदरांवर, कोंबड्यांवर प्रयोग झालेत. माणसाच्या रक्तात हा रस रात्री वाढतो एवढं दिसलंय. उजेडानं माणसाचा किती थांबतो, हृदयाला त्यानं नेमकं काय होतं, ते अजून कुणालाच नीट माहीत नाही. पण तुमच्या इसूफभाईंच्या वहीत चार रात्री आहेत. मला त्या खोट्या वाटत नाहीत."

आता भडकली सोजरबाई. "उंदराचं बगून माझ्या मानसाला अंधारात टाकू? उंदराची बायको बसती का उशाला? बाईसाहेब, तुमी शिकलेल्या हायसा, तुमच्या पाया पडते, पर तो दिवा मी न्हाय घालवायची. अंधारात काय झालं तर मला कळंल कसं?"

"बाई, तुम्ही बघत राहिल्यानं त्यांचं हृदय चालत नाही."

हे खरं होतं, आणि म्हणूनच ते फार लागलं. सोजरबाई ताडकन उठून ओट्यावर गेली आणि पदर तोंडात धरून बसली. इतक्या रात्री जागून काढल्या, त्या काय उगाच? डॉक्टरीणबाई जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. तिनं वर बघितलं नाही. सावित्रम्मा मात्र भांडण विसरून जवळ येऊन बसली. तिच्या सुपातली पानं कातरून द्यायला लागली.

संध्याकाळी जेवणं झाली. जोतीराम नेहमीसारखा आडवा झाला. सोजरबाईनं नेहमीसारखं बटण दाबलं आणि भिंतीला पाठ लावली.

"सोजर," जोतीराम छताकडं बघत म्हणाला, "एक सांगू? रागावू नको."

"रागवायचं आसंल तर रागवीनच की."

"मी झोपत न्हाय."

"म्हंजे?"

"ह्या उजेडात मला झोप लागत न्हाय. पयल्या दिसापासनं. घटकाभर डोळा लागतो, लगी उघडतो. तू बसतीस एवढी, मग तुला वाईट वाटू ने म्हणून डोळं मिटून पडतो. चादर नीट हलंल आसा श्वास घेतो, म्हंजे तुला दिसावं."

दोन महिने ती त्या चादरीकडं डोळे लावून बसली होती, आणि हा माणूस तिला दिसावं म्हणून मुद्दाम मोठे श्वास घेत होता! जखमी हृदयाचा माणूस!

"मला फसवलंत?" तिचा आवाज चिरका झाला. "दोन म्हैने? आवं, तोंड न्हवतं का तुमाला?"

"तुझ्यापुढं कंदी व्हतं मला तोंड?"

एरवी ती हसली असती. आज तिला रडू फुटलं. रडता रडता तिनं त्याला नाही नाही ते सुनावलं, मुलखाचा लबाड म्हणाली, मुका म्हणाली. मग डोळे पुसले, उठली, आणि बटणावर बोट ठेवून उभी राहिली. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिच्या आईचा हुंदका तिला कानाशी ऐकू येत होता. जोतीराम "राहू दे" म्हणाला असता तर तिनं हात खाली घेतला असता. पण तो काही म्हणाला नाही.

तिनं बटण दाबलं.

दाराच्या फटीतून रस्त्यावरच्या खांबाचा उजेड येत होता. तिनं तिथं जुनी चादर लावून टाकली. करायचं तर नीटच करायचं, हा तिचा स्वभाव. मग चाचपडत येऊन ती त्याच्या शेजारी, दोन महिन्यांत पहिल्यांदा, आडवी झाली आणि त्याचं मनगट धरलं. मोजायला घड्याळ दिसत नव्हतं, तरी मोजत राहिली. एक कट्टा. दुसरा. जोतीरामचा श्वास लांब होत गेला, मग त्याला बारीक घोरणं लागलं. खरं घोरणं. त्याचं सोंग करता येत नाही, हे तिला पंचवीस वर्षांच्या संसारानं शिकवलं होतं. तिसरा कट्टा बांधला की नाही, हे तिला पुढं कधीच आठवलं नाही.

जाग आली तेव्हा दारावरच्या चादरीच्या कडेनं ऊन आत येत होतं. पहिल्या पाळीचा भोंगा होऊन गेला होता आणि तिला ऐकूसुद्धा आला नव्हता. आपण झोपलो! तिचा हात त्याच्या मनगटावर नव्हता. उठायला गेली, तर उठता येईना. तिचंच मनगट कुणीतरी धरून ठेवलं होतं.

"हलू नको," जोतीराम म्हणाला. तो कुशीवर वळून गजराच्या घड्याळाकडं बघत होता. "मोजतोय."

"माझी? माझी कशापायी?"

"गप. चुकंल."

तांबडा काटा फिरून बारावर आला.

"तीन कट्टे आन् पाच," तो म्हणाला. "लई झ्याक. परवा सव्वाचार व्हते."

"परवा कंदी मोजलंत तुमी?"

"रोज मोजतो की. तू बसल्या जागी पेंगलीस की हळूच हात धरायचो. इसूफभाई तुला शिकवत व्हते तवा मीबी बगत व्हतो. तुझे सारके चाराच्या वर. कुणाला सांगायचं? समद्यास्नी माझीच काळजी. म्हटलं, ही आदी जाती का काय."

त्याच्या दंडावर सोजरबाईनं एक चापट मारली, हळूच, जखमी माणसाला मारावी तशी. मग तिथंच कपाळ टेकवलं आणि म्हणाली, "तुमी मेला आसता तर मी मेलेच आसते वो." आणि तो म्हणाला, "ठावं हाय. म्हणून तर मोजत व्हतो. झोप आता. आजून ऊन चढायचं हाय."

पुढचं तिला सावित्रम्मानं सांगितलं. आठ वाजता इसूफभाई आले तर दार बंद, फटीला चादर. त्यांचा चेहरा पांढरा पडला. दार ठोठावायला हात उचलला, तेवढ्यात सावित्रम्मानं ओट्यावरून खूण केली, "ठोकू नका. ऐका आधी."

इसूफभाईंनी दाराला कान लावला. आत दोन घोरणी चालली होती, एक बारीक, एक चांगलंच दणकट. कुणाचं कोणतं ते विचारायची गरज नव्हती. त्यांनी सवयीनं घड्याळ बाहेर काढलं, पुन्हा खिशात टाकलं, आणि त्या दिवशीची वहीतली ओळ कोरीच ठेवून दवाखान्याच्या रस्त्याला लागले.